रिकाम्या गाडीचं वजन

दारूखान्यात, लकडी बंदराच्या तोंडाशी,
साठ टनी काट्यावर मी पावत्या फाडतो.
सत्तावीस वर्षं. आधी रिकामी गाडी, मग भरलेली,
मोठ्यातून लहान वजा. उरतं ते निव्वळ.
याहून जास्त गणित मला कधी लागलं नाही.

माघातल्या उधाणाला ती बोट चिखलात चढवली.
लढाऊ. कुठल्या देशाची, विचारू नका;
नावाची पाटी मुनीफच्या गॅसनं पहिल्याच दिवशी उतरवली,
पितळेला भाव असतो.
एवढंच कळलं की तो देश जिंकला होता.
हकीमुद्दीन शेठ म्हणाले, "हरलेल्यांच्या बोटी
भंगारात येत नाहीत. तळाला जातात."

महिनाभर ती माझ्या काट्यावरून गेली, तुकड्यातुकड्यानं.
तोफेचा बुंधा, अकरा टन चारशे.
भटारखान्याच्या कढया, ज्यांत माझा अख्खा मजला जेवला असता.
एका पत्र्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
पाचापाचाच्या जुड्या.
दिवस असतील. नाहीतर माणसं.
भाव तोच.

जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला:
काय मिळालं असेल त्यांना?
शेठच्या मुलानं मोबाइलवर बघून सांगितलं,
एक बंदर, तांब्याच्या दोन खाणी,
नकाशावर नखाएवढा रंग.
बंदराला पहारा लागतो, पहाऱ्याला पगार.
खाणीत उतरायला कुणी तयार नाही.
आणि जिंकलेल्या गावात साधा पाव घ्यायचा
तरी बंदूक आधी गल्ल्यावर ठेवावी लागते.
"म्हणजे धंदा बसला," मुनीफ म्हणाला.
"बसला कसा?" शेठ म्हणाले,
"हेच पोलाद दोनदा विकलं कुणीतरी.
एकदा त्यांना, एकदा मला."

मला आमची जुनी लबाडी आठवली.
रिकामी गाडी काट्यावर येते
तेव्हा क्लीनर केबिनमध्ये बसून राहतो;
भरून आली की आधीच उतरतो, चहाला.
साठ किलो माल फुकट.
म्हणून मी आधी खिडकीतून डोकी मोजतो,
आकडा नंतर बघतो.

त्या देशानं उलटं केलं.
निघताना पोरांना काट्यावरून खाली उतरवलं,
मग रिकामं वजन घेतलं.
त्यामुळे परतलेल्या गाडीत जे नव्हते
त्यांची तूट दिसलीच नाही.
पावती स्वच्छ. वर शिक्का, खाली सही,
चौकात वाजंत्री.
खिडकीत डोकी मोजणारा कुणी नसेल?
असेल की.
त्याला त्या दिवशी रजा दिली असेल.

सगळ्यात शेवटी कप्तानाच्या खोलीतून एक दार निघालं.
बोटीचं नव्हे, घराचं. आडवं टाकून टेबल केलेलं,
कपांचे गोल गोल डाग.
कडेला पेन्सिलीच्या खुणा, एकीवर एक,
प्रत्येकीपुढे त्या लिपीत काही लिहिलेलं.
मुलाची उंची.
आम्हीही मोजायचो, शिवडीच्या खोलीत,
मोरीच्या चौकटीवर.
वरची खूण माझ्या बरगडीपाशी आली.
तिच्यावर दार कोरं.

लाकूड काट्यावर घेत नाहीत. तरी संध्याकाळी,
रांग संपल्यावर, मी ते नेऊन ठेवलं.
नेताना धाप लागली, म्हणजे हलकं नव्हतं.
पण आकडे हलले नाहीत.
पाच शून्यं, लाल, जागच्या जागी.
साठ टनी काट्याला एवढं तेवढं दिसत नाही.
बिघाड नाही तो. घडणच तशी.

मुनीफ म्हणाला, "लिहा ना काहीतरी."
मी वही उघडली, तारीख घातली,
पेन तसंच धरून बसलो.
तेवढ्यात कोळसा बंदराकडून एक गाडी आली, रिकामी,
हॉर्नवर हॉर्न.
दार बाजूला घेतलं, भिंतीला टेकवलं.
केबिनमध्ये दोन डोकी होती.
मी दोन लिहिलं.